साडूंचे सोवळ्यातले आरसे

आरशासमोर खुशाल अर्धा तास उभं राहून एकदाही स्वतःचं तोंड न बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघावा, ही माझ्या पत्रिकेची करणी आहे. बाकीची माणसं आरशात भांग बघतात, दातात अडकलेली मेथी बघतात, कानावरचे पांढरे केस लपलेत का ते बघतात. आमचे साडू आरशावर करंगळीचं नख टेकवतात, एक डोळा मिटतात आणि मान तिरकी करून त्या नखाकडे बघत राहतात. खरं नख आणि आरशातलं नख यांच्यामध्ये फट दिसली की त्यांचा चेहरा उतरतो. "मागून आहे," असं पुटपुटतात आणि पुढे चालू लागतात. या "मागून आहे"चा अर्थ कळायला मला बराच काळ लागला आणि कळल्यावर माझ्या आयुष्यात काडीचाही फरक पडला नाही. तरी तुम्हाला सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच उभं आहे. आपल्या घरातल्या आरशाची चकाकी काचेच्या पाठीला असते. तोंड बघायला ते ठीक आहे. पण अशा आरशावर लेझरचा किरण टाकला, की तो थोडा काचेच्या पुढच्या अंगावरून परततो आणि बाकीचा मागच्या चकाकीवरून, त्यामुळे भिंतीवर दोन ठिपके पडतात. एक ठसठशीत आणि त्याच्या शेजारी त्याचं फिकट भूत. साडूंना हे भूत नको असतं. त्यांना हवा असतो चकाकी पुढच्या बाजूला उघडी असलेला आरसा, जिथे नखाला नख भिडतं आणि मध्ये फट राहत नाही. असा आरसा घरबसल्या मागवता येतो, हे मी त्यांना मोबाइलवर दाखवलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी होळीला दुकानातून पुरणपोळी आणा म्हणालो होतो.

नख टेकवण्याला स्थळकाळाचं बंधन नाही. नवीन पनवेलच्या एका सलूनमध्ये अर्ध्या गालाला फेस असताना हे खुर्चीतून उठले आणि समोरच्या आरशावर नख लावून उभे राहिले. वस्तरा हातात धरलेला तो बिचारा म्हणाला, "काका, काच साफ नाही का?" हे म्हणाले, "साफ आहे, पण मागून आहे." त्यानंतर त्या माणसाने यांची दाढी एक शब्दही न बोलता उरकली. पण सलूनचं सोडा. आमच्या सासरच्या एका मुलीसाठी स्थळ बघायला आम्ही सगळे गेलो होतो. घर चांगलं, मुलगा चांगला, पोहेसुद्धा बरे होते. बोलणी रंगात आली असताना साडू उठले, शोकेसपाशी गेले आणि तिच्या मागच्या आरशावर नख लावून डोळा मिटला. मुलाच्या आईला वाटलं, हे धूळ तपासतायत. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की तुमची माणसं फार चौकस दिसतात, आम्ही साधे लोक आहोत. ती मुलगी आज दुसरीकडे सुखात आहे, पण मामंजी, म्हणजे आमचे सासरे, जाईपर्यंत साडूंना क्षमा करू शकले नाहीत. मामंजींना दोन जावई. एक मी, बँकेतला. लग्नकार्यात ओळख करून देताना माझ्या वेळी ते बँकेचं नाव, शाखा, हुद्दा सगळं सांगायचे, आणि साडूंच्या वेळी नुसतंच "आणि हे आमचे थोरले" म्हणून पाणी मागायचे.

साडू तळोज्याच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचे. कारखाना बंद पडला. बरोबरच्या लोकांनी इकडेतिकडे नोकऱ्या धरल्या, कुणी रिक्षा घेतली. साडूंनी मागची खोली घेतली. खिडक्यांना काळा कागद चिकटवला, दाराला पडदा लावला आणि आत लेझर, छोट्या मोटरी, जुने स्पीकर आणि आरशांचे तुकडे घेऊन बसले ते बसलेच. अधूनमधून कुणाचं यंत्र दुरुस्त करून देतात, नाही असं नाही. पण घर चाललं ते ताईंच्या शिवणावर. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. घरात सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पुढच्या खोलीत ताईंचं शिलाई मशीन, भोवती सेक्टरभरातल्या बायकांची ब्लाउजं, आणि मागच्या खोलीत हे. मध्ये एक पडदा. त्या पडद्याला ताईंनी कधी हात लावला नाही. कुणी विचारलं, "आत काय चालतं हो?" तर मान वर न करता त्यांचं ठरलेलं उत्तर: "नसते उद्योग." कडवटपणा त्यात असायचा, पण भांडण नसायचं. भांडायला माणसाकडून काहीतरी अपेक्षा असावी लागते.

आरसे मिळवण्यासाठी साडूंनी पनवेलच्या आसपास पायाखाली घातलं नाही असं एकही भंगाराचं दुकान नाही. असे उघड्या चकाकीचे आरसे झेरॉक्सच्या मशीनमध्ये असतात, लांब पट्ट्यांच्या रूपात. जुन्या कॅमेऱ्यातही एक असतो, अगदी बारका. त्यामुळे मेलेलं झेरॉक्स मशीन ही त्यांच्या दृष्टीने जगातली सर्वांत मोलाची वस्तू. आमच्या शाखेतलं मशीन शेवटच्या घटका मोजत होतं तेव्हा ते दर आठवड्याला फोन करून त्याची प्रकृती विचारायचे. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी दोनदा फोन केला होता. मशीन शेवटी गेलं त्या दिवशी, अजून ते बिल्डिंगच्या बाहेरही पडलं नव्हतं, तर हे पिशवी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात हजर. शिरढोणच्या बाजूला एकाचं भंगाराचं गोदाम आहे. पूर्वी तिथे त्यांची भातखाचरं होती, आता त्या खाचरात कॉम्प्युटर आणि फ्रिज कुजतात. मला एकदा रविवारी साडूंनी तिथे नेलं. पाऊण तास हे उकिरड्यात उकिडवे बसून एकेका तुकड्याला नख लावतायत आणि मालक बाजेवर बसून बघतोय. शेवटी त्याला राहवलं नाही.

"काका, आरसाच हाय ना तो? मग नख लावून काय बगता? आमी काय खोटा देतो काय?"

"तसं नाही हो. पुढून आहे का मागून, ते बघतोय."

"आरशाला पुढून-मागून काय असतंय? तोंड दिसला का झाला."

"मला तोंड बघायचं नाहीये."

मालकाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी दुसरीकडे बघितलं. साडू म्हणून आपण माणसाला किती ठिकाणी ओळख द्यायची, यालाही मर्यादा असते.

मिळालेला आरसा घरी आला, की त्याचं सोवळं सुरू होतं. साडू देवापुढे कधी उदबत्ती लावणार नाहीत, पण या आरशांचं सोवळं त्यांनी जेवढं पाळलं तेवढं आमच्या आजेसासूने देवघराचं पाळलं नसेल. चकाकी उघडी, त्यामुळे बोट लागलं की डाग, फडकं लागलं की चरा. आरसा धरायचा तो कडांना, दोन बोटांत. त्याच्यावर बोलायचं नाही, कारण थुंकी उडते. मी एकदा त्या खोलीत शिंकलो. शिंक काही माणूस विचारून काढत नाही. पण साडूंनी जो आवाज काढला, तो ऐकून ताईंचं मशीन थांबलं. "बाहेर! बाहेर जाऊन काय ते करा!" असं म्हणत त्यांनी मला दंडाला धरून पडद्याबाहेर काढलं, आणि पुढे दिवाळीपर्यंत मला आत प्रवेश नव्हता. त्यांच्या सख्ख्या आत्याबाई गावाहून आल्या होत्या. त्यांनी कौतुकाने एक तुकडा उचलून पदराने पुसला. आत्याबाई संध्याकाळच्या एस.टी.ने परत गेल्या.

भंगारात मिळेना, तेव्हा हे आरसा करायलाच बसले. चांदीचं एक रसायन, अमोनिया आणि ग्लुकोज असा काहीसा स्वयंपाक असतो, आणि तो स्वयंपाक असल्यामुळे त्यांनी ओट्यावर मांडला. वासाने वरच्या मजल्यावरच्यांना वाटलं, गॅस गळतोय. त्यांनी खाली येऊन मेन बंद केला. काचेवर चांदी चढली नाही. ती चढली, रसायन कालवायला रिकामी केलेल्या ताईंच्या लोणच्याच्या बरणीला, आतून, अगदी लखलखीत. ताईंनी बरणी उजेडात धरून पाहिली आणि त्या एवढंच म्हणाल्या, "माझं कैरीचं गेलं." पण याहून वाईट प्रकार ड्रेसिंग टेबलाचा. मामंजींनी लग्नात दिलेलं सागवानी टेबल, त्याला पुरुषभर उंचीचा आरसा. साडूंच्या डोक्यात आलं, की मागचा रंग काढून टाकला तर आतली चांदी उघडी होईल आणि एवढा मोठा आरसा आयता मिळेल. ताई माहेरी गेल्या असताना त्यांनी थिनर आणि कापूस घेऊन काम सुरू केलं. रंग निघाला, त्याच्याबरोबर निम्मी चांदीही निघाली, आणि उरलेल्यावर तांबूस ओरखडे. ताई परत आल्या, टेबलासमोर उभ्या राहिल्या, त्यांना आरपार मागची भिंत दिसली.  त्या दिवसापासून त्या केस विंचरतात ते बाथरूममधल्या छोट्या आरशासमोर. टेबलाची चौकट अजून तशीच उभी आहे, आणि मी जेव्हा जेव्हा ती बघतो तेव्हा मला साडूंचा मनापासून राग येतो.

हे सगळं का? मीही त्यांना वैतागून विचारलं होतं. त्यांना बक्षीस नको होतं, पेपरात फोटो नको होता. माझी दाद तर मुळीच नको होती. मी "वा" म्हटलं की ते संशयाने बघायचे. त्यांना एकच हवं होतं: आतल्या खोलीत जे चालतं त्याला ताईंनी एकदा काम म्हणावं. हे त्यांनी मला तोंडाने सांगितलं नाही, पण भिंतीवर काही नवं उमटलं की ते आधी पडदा बाजूला करून "अगं, जरा बघतेस का?" म्हणायचे. मशीनची खडखड थांबायची नाही. "बघते नंतर." मग ते पडदा परत ओढून घ्यायचे. असं मी कितीदा पाहिलंय. संसारात माणसं एकमेकांना मारत नाहीत, हे खरं, पण "बघते नंतर"ने जे होतं तेही काही थोडं नसतं. आणि ड्रेसिंग टेबलाच्या त्या रिकाम्या चौकटीकडे बघितलं, की ताईंचंही चूक म्हणवत नाही.

मग ती कोजागिरी ठरली. सोसायटीत दर वर्षी गच्चीवर दूध आटवतात, भेळ होते, कुणीतरी जुनी गाणी म्हणतं आणि सेक्रेटरी पार्किंगबद्दल बोलतात. त्या वर्षी साडूंनी सेक्रेटरींना गाठून सांगितलं, की मी टाकीच्या भिंतीवर लेझर दाखवतो. नुसता प्रकाश नाही, गाणं दिसेल असं. त्यांची युक्ती खरंच सुंदर होती. दोन छोट्या स्पीकरांच्या पडद्यांवर नखाएवढे आरशांचे तुकडे चिकटवायचे. स्पीकरमधून आवाज गेला की पडदा थरथरतो, आरसा थरथरतो, आणि त्यावरून परतलेला हिरवा किरण भिंतीवर त्या आवाजाची आकृती काढतो. आता आवाज कुणाचा? साडू म्हणाले, "हिचा." ताई भजनी मंडळात गातात. गळा गोड आहे, पण साडूंनी कारण दिलं ते असं: "हिचा आवाज सरळ आहे. कुठे खरखर नाही. आकृती स्वच्छ येते." बायकोचं याहून मोठं कौतुक मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि त्यांना ते कौतुक आहे हे ठाऊकही नव्हतं.

ताई "माझ्या मागे काय लावलंय हे" म्हणत म्हणत एका दुपारी पडद्याच्या आत गेल्या. मी आणि माझी बायको तेव्हा तिथेच होतो. त्या खोलीत त्या इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच शिरत होत्या. पाय कुठे ठेवू, असं विचारून शिरल्या. साडूंनी माइक हातात दिला. ताईंनी घसा साफ केला आणि एक साधी ओवी म्हटली. समोरच्या भिंतीवर हिरवी रेघ वळली, तिची वेटोळी झाली, सूर लांबला तसं एक गोल कमळासारखं उमललं आणि सूर सुटला तसं मिटून ठिपका झालं.  ताई पुन्हा गायल्या, थोडं वर. पुन्हा उमललं. "हे मी?" त्यांनी विचारलं. साडू म्हणाले, "तूच." ताई अजून थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "बाई गं," आणि बाहेर येऊन मशीनवर बसल्या, पण सुई बराच वेळ चालली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारीण ब्लाउज न्यायला आली आणि तिने विचारलं, आत काय एवढी खुडबुड? ताई म्हणाल्या, "ह्यांचं काम चाललंय. कोजागिरीचं." माझी बायको तिथेच मुक्कामाला राहिली होती, तिने हे मला फोनवर सांगितलं. साडूंनी ते पडद्याआडून ऐकलं असणार, कारण त्या आठवड्यात ते मला भेटले तेव्हा दाढी केलेली होती.

दसऱ्याला आम्ही दर वर्षी त्यांच्याकडे जेवायला असतो. सकाळी साडू आणि मी पनवेलच्या बाजारात झेंडू आणि आपट्याची पानं आणायला गेलो. गर्दीत झेंडूवाल्याशी घासाघीस करताना हा माणूस चक्क शीळ घालत होता. परत आलो तर पुढच्या खोलीत पूजा मांडलेली. ताईंचं शिलाई मशीन, कात्री, मिक्सर, विळी, साडूंचे पाने आणि पक्कडी. आणि त्यांच्या शेजारी पाटावर लाल कापड घालून दोन स्पीकर, आरशांच्या तुकड्यांसकट. जवळच डब्यातून काढलेल्या सुट्या आरशांच्या पट्ट्या एका ओळीत. प्रत्येक आरशावर मधोमध ओलं हळदकुंकू, वर अक्षता आणि एकेक पाकळी. ताईंनी नवी साडी नेसली होती. तोंडावर असा आनंद, की मी तो त्यांच्या लग्नाच्या फोटोतच पाहिला असेन.

"आलात? आधी नमस्कार करा," त्या म्हणाल्या. "या वर्षी तुमचीही हत्यारं मांडलीत हो. आधी ओल्या फडक्याने सगळी लख्ख पुसून घेतली, बारीक धूळ होती."

माझ्या हातातली झेंडूची पिशवी खाली आली. मी साडूंच्या ओरडण्याची वाट बघत होतो. ज्या माणसाने शिंकेसाठी मला हाकललं, सख्ख्या आत्याला एस.टी.त बसवलं, तो आता काय करील? साडू पाटाकडे बघत उभे होते. मग त्यांनी विचारलं, "सगळ्यांना लावलंस?"

"सगळ्यांना. एकही सोडला नाही."

"बरं केलंस," ते म्हणाले. चपला काढल्या, गुडघे टेकले आणि त्या आरशांना डोकं टेकवून नमस्कार केला.

जेवण झाल्यावर मी त्यांना आतल्या खोलीत गाठलं. ते एका पट्टीवरचं कुंकू पाण्याच्या थेंबाने सोडवत होते. खाली चकाकी नव्हतीच, धुरकट काच उरली होती. "कुंकवात चुना असतो," ते म्हणाले, अगदी शिकवल्यासारखं. "आणि यावर ॲल्युमिनियमचा मुलामा. चुना त्याला खातो. तसं फडक्यानेच निम्मं काम झालं होतं." मी म्हटलं, मग ताईंना सांगा, कार्यक्रम पुढे ढकला. त्यांनी पट्टी खाली ठेवली. "काय सांगू? तुझ्या कुंकवाने माझं वाटोळं केलं, असं सांगू? सणाच्या दिवशी, भरल्या घरात?"  आपल्याकडे हे वाक्य कुठल्याही बाईला सांगता येत नाही, आणि ताईंना तर नाहीच. पट्टी परत उचलत ते म्हणाले, "तिने माझ्या वस्तूंना हात जोडलेत हो. आजवर कधी जोडले होते का?" मग एकदम कडक आवाजात, "कुणाला बोलायचं नाही. तुमच्या बायकोलाही नाही."

पुढचे दिवस ते आरशांसाठी वणवण फिरले. शिरढोणचा मालक कुटुंबासकट देवदर्शनाला गेला होता, बाकीच्या ठिकाणी होतं ते सगळं मागून. मी पुन्हा म्हटलं, कार्यक्रम रद्द करा. ते म्हणाले, "मग ती विचारेल, का?" आणि त्याच खाल्लेल्या तुकड्यांवर त्यांनी कार्यक्रम केला. गच्चीवर दिवे मालवले, चंद्र वर आला होता, सगळे वाट्या घेऊन बसले होते. स्पीकरमधून ताईंची घरी रेकॉर्ड करून ठेवलेली ओवी सुरू झाली, स्वच्छ, सरळ. आणि टाकीच्या भिंतीवर एक हिरवट डाग आला. तो जरा हलला, जरा पसरला, शेवाळासारखा पसरून तसाच राहिला. कुणीतरी म्हणालं, "काका, फोकस करा की." कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. सेक्रेटरी म्हणाले, "टाकीला रंग द्यायचाच होता, चला, आठवण झाली." ओवी मात्र चालूच होती, पुढचं पुढचं कडवं, आणि त्या हसण्यात ताईंचा आवाज एकटा गात होता. तेवढ्यात सेक्रेटरींच्या पुतण्याने बाजारात मिळणारी तयार लेझरची डबी आणून लावली. भिंतीभर चांदण्या, फुलपाखरं, बदाम नाचायला लागले. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हे बघा, याला म्हणतात लेझर." मी वाटीतलं दूध तसंच ठेवून उठलो. त्या माणसांचा मला आजही राग येतो, त्यांनी काही वाईट केलं नाही हे पटूनही येतो.

ताई तोवर खाली निघून गेल्या होत्या. घरात आलो तेव्हा त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. "माझ्याच गळ्याची शोभा करायची होती का चारचौघांत?" त्या म्हणाल्या. साडू म्हणाले, "आरसे हलके निघाले. मीच नीट बघून घेतले नाहीत." ताईंनी मान हलवली. "एक गोष्ट. आयुष्यात एक गोष्ट धड जमू नये माणसाला." साडू "हो" म्हणाले. एवढंच. ताईंनी भजनी मंडळात जाणं हळूहळू सोडलं. मी पुढे कितीदा साडूंशी भांडलो. म्हटलं, दोन वाक्यं सांगायचीत, तिचा गैरसमज जाईल. ते म्हणाले, "आणि काय येईल? आत्ता ती माझ्यावर रागावलीय. मग स्वतःवर रागावेल." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मीही कुठे बोललो नाही. आज लिहितोय, कारण ताई माझं लिखाण वाचत नाहीत. त्याबद्दलही त्यांचं मत "नसते उद्योग" असंच आहे.

गेल्या दसऱ्याला आम्ही नेहमीप्रमाणे गेलो. साडूंनी वर्षभर फिरून पुन्हा आरसे जमवले होते, हे मला ठाऊक होतं. आधीच्यापेक्षा चांगले होते. एक पट्टी तर एवढी निर्मळ, की काच आहे हेच कळू नये. पुढच्या खोलीत ताईंची पूजा मांडलेली होती, आणि तिच्या शेजारी साडूंनी स्वतः एक पाट ठेवला होता. त्यावर लाल कापड, आणि कापडावर ते सगळे आरसे, उघडे, झाकण न घालता. स्वतः भिंतीला टेकून बसले होते, काही न बघितल्यासारखं करून. मला बघितल्यावर त्यांनी नजर चुकवली. मी काय ते समजलो.

ताई तबक घेऊन आल्या. मशीनला कुंकू लावलं, कात्रीला लावलं, मिक्सरला, विळीला, माझ्या स्कूटरच्या किल्लीलाही लावलं. मग पाटापाशी आल्या. क्षणभर थांबल्या. साडू सरळ बसले.

"हे कशाला मांडलंय वाटेत?" ताई म्हणाल्या. "उचला, पाय लागेल कुणाचा." आणि बोटावर उरलेलं कुंकू त्यांनी दाराच्या चौकटीला लावून टाकलं.

त्या क्षणी मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण साडूंनी माझ्याकडे बघून मान अगदी थोडी हलवली, पाट उचलला आणि आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा पानं वाढून झाली होती. ताईंनी आपट्याचं पान त्यांच्या हातात ठेवलं, रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

"राहतो," साडू म्हणाले.